नागपूरहून सिंगापूरला: पैसे, कार्ड आणि कॅसिनोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या हिशेबांत एक सिंगापूर डॉलर ७० रुपयांचा धरला आहे. भाव रोज हलतो, म्हणून निघायच्या आठवड्यात ताजा आकडा घालून पुन्हा गणित करा. नुसतं 'डॉलर' लिहिलं असेल तिथे सिंगापूर डॉलर समजा.

नागपुरातून रोख रक्कम किती न्यावी?

चार-पाच दिवसांच्या सहलीला माणशी १५० ते २०० डॉलर रोख पुरतात. बाकी सगळं कार्डावर ठेवा. मॉल, हॉटेल, मेट्रो, टॅक्सी सगळीकडे कार्ड चालतं. रोख लागते ती हॉकर सेंटरमधल्या (एका छपराखाली स्वस्त खाण्याचे अनेक स्टॉल) जुन्या स्टॉलवर, लिटल इंडियातल्या लहान दुकानांत आणि कॅसिनोत.

कायद्याची मर्यादा याहून बरीच वर आहे. एका प्रवासाला ३,००० अमेरिकन डॉलरच्या किमतीएवढ्या परकी नोटा नेता येतात, आणि भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंत. ते रुपये परतल्यावर विमानतळावरून घरी येण्यासाठी ठेवा. सिंगापुरात रुपये बदलून मिळतात, पण भाव बहुतेक वेळा पडेल मिळतो.

अमेरिकन डॉलर घेऊन तिथे बदलले तर चालेल का?

चालेल, पण दोनदा कापून घ्याल. रुपयाचे अमेरिकन डॉलर करताना एकदा, त्यांचे सिंगापूर डॉलर करताना दुसऱ्यांदा. सरळ सिंगापूर डॉलर मागा. बर्डी, सदर, धरमपेठ भागातल्या परवानाधारक मनी चेंजरकडे हे चलन दरवेळी गल्ल्यात असेलच असं नाही, म्हणून दोन-तीन दिवस आधी फोन करून मागवून ठेवा. पॅन, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची प्रत सोबत न्या. रक्कम ५०,००० रुपयांच्या आत असेल तर रोख देता येते, त्यावर गेली की चेक किंवा बँक ट्रान्स्फर.

भाव विचारताना एकच वाक्य बोला: "सगळं धरून हातात किती डॉलर आणि माझ्याकडून किती रुपये?" काही जण भाव चांगला सांगतात आणि सेवाशुल्क मागून लावतात. जीएसटीचं गणित ठरलेलं आहे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या १ टक्का (किमान २५० रुपये) हे मूल्य धरून त्यावर १८ टक्के. म्हणजे ७०,००० रुपयांच्या खरेदीवर १२६ रुपये. पावतीत याहून जास्त दिसलं तर तिथेच विचारा.

नोटा ५० आणि त्याखालच्या मागा. पावतीशिवाय, ओळखीच्या माणसाकडून 'जरा स्वस्तात' मिळणारे डॉलर घेऊ नका. नोट खोटी निघाली तर दाद मागायला जागा नाही आणि तो व्यवहार परकी चलन कायद्याच्या बाहेरचा आहे.

ब्रुनेईचा डॉलर सिंगापूरच्या डॉलरच्या बरोबरीने चालतो. १९६७ पासून दोन्ही देशांत तसा करार आहे. सुट्ट्यांत ब्रुनेईची नोट आली तर घाबरू नका, पण ती तिथेच खर्चून टाका. नागपुरात ती कोणी घेणार नाही.

फोरेक्स कार्ड, क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड की यूपीआय?

साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला २ ते ३.५ टक्के मार्कअप (चलनबदलाचा बँकेचा जादा आकार) लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्क्यांचे असे ४.१३ टक्के होतात. १,००० डॉलर खर्चले तर २,८९१ रुपये नुसते त्यातच गेले. म्हणून सिंगापूर डॉलर भरलेलं फोरेक्स कार्ड किंवा मार्कअप नसलेलं कार्ड बरं. फोरेक्स कार्डात अमेरिकन डॉलर भरून सिंगापुरात वापरलं तर पुन्हा चलनबदलाचा आकार लागतो. ही चूक फार जण करतात.

तरी क्रेडिट कार्ड जवळ असू द्या, कारण हॉटेल. चेक-इनच्या वेळी हॉटेल अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतं. फोरेक्स कार्ड दिलं तर तुमचेच पैसे अडकतात आणि सुटायला परतल्यानंतरही काही दिवस जातात. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा अडते, खिसा रिकामा होत नाही.

एटीएममधून दर वेळी ठरावीक शुल्क लागतं, म्हणून पन्नास-पन्नास करत चार वेळा काढण्यापेक्षा दोनशे एकदाच काढा. यूपीआय काही दुकानांत क्यूआरवर चालतं, त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करावा लागतो. त्यावर अख्खी सहल विसंबून ठेवण्याएवढं ते अजून सगळीकडे नाही.

कार्ड तिथे बंद पडण्याचं सगळ्यात साधं कारण घरीच असतं. मार्च २०२० नंतर दिलेली कार्डं मुळात फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतात. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार, टॅप करून देणं आणि एटीएम या तिन्ही कळा वेगवेगळ्या सुरू कराव्या लागतात. ओटीपीसाठी रोमिंगही सुरू हवं.

मशीन विचारतं, 'रुपयांत द्यायचे की सिंगापूर डॉलरमध्ये?' काय निवडावं?

नेहमी सिंगापूर डॉलर. रुपये निवडले की भाव तुमची बँक ठरवत नाही, दुकानाच्या मशीनमागची कंपनी ठरवते, आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. पडद्यावर रुपयांचा ओळखीचा आकडा दिसतो म्हणून माणूस हिरवं बटण दाबतो. विक्रेत्याने न विचारता रुपये निवडले असतील तर पावतीवर रुपयांचा आकडा दिसेल. सही करायच्या आधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे 'रूपांतर नको' हा पर्याय घ्या.

टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ गोळा होणारा आयकर) किती कापला जाईल?

१ एप्रिल २०२५ पासून, एका आर्थिक वर्षात स्वतः पाठवलेली किंवा फोरेक्स कार्डात भरलेली रक्कम १० लाखांच्या आत असेल तर प्रवासखर्चावर टीसीएस नाही. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो, आणि त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत आला आहे, म्हणून बिलावरची ओळ वाचा. ही रक्कम बुडत नाही. तुमच्या पॅनवर २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या कराच्या नोंदीत) दिसते आणि विवरणपत्र भरताना वजा होते किंवा परत मिळते. पॅकेज कोणाच्या पॅनवर घ्यायचं ते म्हणूनच आधी ठरवा. विवरणपत्र न भरणाऱ्या आईच्या नावावर घेतलं तर परताव्यासाठी तिचं विवरणपत्र भरावं लागेल.

जेवणाचं बिल मेनूपेक्षा जास्त का येतं?

किमतीपुढे ++ अशी खूण असेल तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यानंतर ९ टक्के जीएसटी लागतो. १०० डॉलरचं जेवण आधी ११० होतं, मग त्यावर ९.९०, एकूण ११९.९०. वेगळी टिप द्यायची पद्धत नाही. हॉकर सेंटरमध्ये सेवाशुल्क नसतं, पाच ते आठ डॉलरमध्ये एका माणसाचं पोट भरतं. शाकाहारी मंडळींसाठी लिटल इंडिया, त्यातही टेक्का सेंटरच्या आसपासचा भाग. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, घरून बाटली न्या.

जाण्याआधी आणखी कुठे पैसे फुकट जातात?

'एसजी अरायव्हल कार्ड', म्हणजे सिंगापुरात उतरण्याआधीचा ऑनलाइन अर्ज, भरण्यात. हे कार्ड सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. शोध घेतला की वरच खासगी संकेतस्थळं येतात आणि त्यासाठी पैसे मागतात. पैसे मागितले म्हणजे पान चुकलं, बंद करा. व्हिसा वेगळा. तो सहसा अधिकृत एजंटमार्फत घ्यावा लागतो. सरकारी शुल्क ३० डॉलर आहे, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. एजंटचा आकार त्याच्या वर.

आणि आपल्याकडच्या माणसांसाठी खास: खर्रा नेऊ नका. चघळायची तंबाखू सिंगापुरात बंद आहे, ई-सिगारेटही बंद, आणि सिगारेटचं एकही पाकीट जाहीर न करता नेता येत नाही. सावजी मसाल्याची पुडी नेत असाल तर त्यात खसखस आहे का बघा. खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. घरचा मसाला म्हणून कोणी सोडत नाही.

कॅसिनोत प्रवेश कसा मिळतो? तिकीट लागतं का?

सिंगापुरात दोनच कॅसिनो आहेत, मरिना बे सँड्स आणि सेंटोसा बेटावरचं रिसॉर्ट्स वर्ल्ड. दोन्ही २०१० साली सुरू झाले आणि चोवीस तास उघडे असतात. परदेशी पाहुण्याला प्रवेश फुकट आहे. वय २१ पूर्ण हवं आणि मूळ पासपोर्ट हवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून आलेला माणूस दारातून परत जातो. स्लिपर, बनियनसारखे बिनबाह्यांचे कपडे, समुद्रावरचे कपडे घालून जाऊ नका. मोठी बॅग बाहेर जमा करावी लागते आणि आत फोटो काढता येत नाहीत.

तिथे राहणारा भाचा सोबत येत असेल तर त्याला विचारा, नागरिकत्व किंवा कायम निवासाचा परवाना आहे का. असेल तर त्याला २४ तासांसाठी १५० डॉलर प्रवेशकर आहे. नुसत्या नोकरीच्या पासवर असेल तर तो परदेशीच धरला जातो.

भारतीय माणसाने तिथे खेळणं कायद्याला धरून आहे का?

सिंगापूरच्या बाजूने अडचण नाही. आपल्या बाजूची गोष्ट नीट समजून घ्या. परकी चलनाच्या चालू खात्याच्या २००० सालच्या नियमांत एक निषिद्ध यादी आहे. तीत लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स 'इत्यादी'साठी पैसे पाठवायला बंदी आहे. या 'इत्यादी'चा अर्थ बँका कडक घेतात. म्हणून बहुतेक फोरेक्स आणि क्रेडिट कार्डांच्या अटींत जुगाराला मनाई असते आणि कॅसिनोच्या खिडकीवर कार्ड नाकारलं जातं. मशीन बिघडलं समजून दुसरं, तिसरं कार्ड घासत बसू नका. त्यातून कार्डच गोठवलं जाण्याचा धोका आहे आणि मग हॉटेलचं बिल कशाने द्याल? प्रवासखर्च म्हणून घेतलेलं चलन प्रवासासाठीच घेतलेलं असतं, हे विसरू नका. मोठ्या रकमेचा विचार असेल तर तिकीट काढायच्या आधी सीएला विचारा.

'सिंगापूरचा ऑनलाइन कॅसिनो' म्हणून मोबाइलवर येणारी ॲप्स हा निराळाच प्रकार. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. त्यात पैसे टाकू नका.

टेबलावर पैसे कसे द्यायचे, चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) कशा घ्यायच्या?

टेबलावरची पाटी आधी वाचा, तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त डाव लिहिलेला असतो. हीच रक्कम शनिवार-रविवारी आणि रात्री चढते. चालू डाव संपू द्या. नोटा डीलरच्या (टेबल चालवणाऱ्या कॅसिनोच्या माणसाच्या) हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. तो कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मोजतो आणि तेवढ्या चिप्स सरकवतो. 'डाव बंद'ची खूण झाली की चिप्सना हात लावायचा नाही, जिंकलेल्यांनाही नाही, डीलर आपल्याकडे सरकवेपर्यंत.

रूलेटच्या (फिरत्या चाकावर गोळी टाकायचा खेळ) रंगीत चिप्सवर आकडा नसतो. रंग म्हणजे खेळाडूची ओळख. त्या टेबलाबाहेर त्यांना किंमत शून्य, म्हणून उठताना डीलरकडून आकड्याच्या चिप्स करून घ्या आणि मग कॅशियरच्या खिडकीवर रोख करा. निघतानाच करा. एका कॅसिनोच्या चिप्स दुसऱ्यात चालत नाहीत. आत एटीएम नाही, आणि ही मुद्दाम केलेली सोय आहे. बाहेर जाऊन पैसे काढून परत यायची वेळ आली म्हणजे ठरवलेली रक्कम संपली.

कोणत्या खेळात कमी नुकसान होतं?

एक शून्य असलेल्या रूलेटवर ३७ खाने असतात. एका आकड्यावर लावून जिंकलात तर ३५ पट मिळतात. ३६ पट मिळाले असते तर बरोबरी झाली असती. तो एक हिस्सा घराचा, म्हणजे कॅसिनोचा, सरासरी २.७० टक्के. चाकावर दोन शून्यं असली की खाने ३८ होतात, पैसे तेवढेच मिळतात आणि घराचा वाटा ५.२६ टक्के होतो. चाकाकडे बघून हिरवे खाने मोजा, पाच सेकंद लागतात.

बॅकरा हा पत्त्यांचा खेळ तिथे सगळ्यात जास्त खेळला जातो. 'बँकर' आणि 'प्लेयर' या दोन बाजूंपैकी कोण जिंकेल किंवा 'टाय', म्हणजे बरोबरी, होईल यावर पैसे लावायचे. घराचा वाटा 'बँकर'वर १.०६ टक्के, 'प्लेयर'वर १.२४, आणि 'टाय'वर तब्बल १४.३६ टक्के. टायला आठपट मिळतात म्हणून हात तिकडे जातो. तासाला ६० डाव, दर डाव २५ डॉलर म्हणजे १,५०० डॉलर फिरले. बँकरवर सरासरी तोटा १६ डॉलर, साधारण १,१०० रुपये. तेच टायवर लावत राहिलात तर २१५ डॉलर, १५,००० रुपये. टेबल तेच, पत्ते तेच.

ब्लॅकजॅक हा २१ च्या बेरजेचा पत्त्यांचा खेळ नियमाप्रमाणे खेळला तर घराचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, पण पाटीवर पहिल्या दोन पत्त्यांत २१ झाल्यावर मिळणाऱ्या पैशांसाठी ३:२ च्या जागी ६:५ लिहिलं असेल तर तो जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो. ती पाटी दिसली की दुसरं टेबल बघा.

वरच्या प्रश्नातला कार्डाचा ४.१३ टक्के आकार इथे आठवा. चलनाच्या एका फेऱ्यात रूलेटच्या एका फिरक्यापेक्षा जास्त जातं. फरक एवढाच की चलन एकदा बदलता आणि चाक तासाला चाळीस वेळा फिरतं. म्हणून टक्का जितका महत्त्वाचा, तितकाच वेळ. हळू टेबल, गर्दीचं टेबल, कमी डाव.

हरलो की डाव दुप्पट करायचा, ही युक्ती चालते का?

नाही. १० डॉलरपासून सुरू केलं तर सलग सात हारींत १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४० असे १,२७० डॉलर जातात, म्हणजे ८८,९०० रुपये. आठवा डाव १,२८० चा, आणि बऱ्याच टेबलांची वरची मर्यादा तुम्हाला तिथे अडवते. सगळं जुळून आलं तरी जिंकून मिळणार १० डॉलर. लाल-काळ्यावर सलग सात हारी साधारण १०६ प्रयत्नांत एकदा येतात. एका संध्याकाळी एवढे डाव सहज होतात.

मागचे निकाल दाखवणाऱ्या पाटीवरून पुढचा अंदाज बांधणंही फोल. रूलेटच्या चाकाला मागचं काही आठवत नाही.

मग एका रात्रीसाठी किती ठेवावेत?

नाटकाच्या तिकिटासारखी रक्कम धरा, परत येणार नाही असंच समजून. सहलीच्या बाकी खर्चाची सोय झाल्यावर उरलेल्या रकमेतून एक पाकीट वेगळं करा, रुपयांत आकडा त्यावर लिहा, आणि कार्डं हॉटेलात ठेवून जा. डॉलरचे आकडे लहान दिसतात हीच खरी गोम आहे. २५ ची चिप हातात हलकी वाटते, 'साडेसतराशे रुपये' म्हटलं की तिचं वजन कळतं. मोबाइलमध्ये गजर लावा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तिथे रात्रीचे एक वाजतात तेव्हा अंगाला साडेदहाच वाटतात. चहा, कॉफी, पाणी आत फुकट मिळतं, दारूला पैसे पडतात. खेळताना ती नकोच.

जिंकलो तर कर लागतो का?

सिंगापुरात हौशी खेळाडूच्या जिंकण्यावर कर नाही. भारतातल्या निवासी माणसाला मात्र जगभरच्या उत्पन्नावर कर आहे आणि जुगारातल्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. हरलेली रक्कम यातून वजा होत नाही. सोमवारी ३,००० डॉलर जिंकलात आणि मंगळवारी ३,५०० हरलात, तर खिशातून ५०० गेले, तरी ३,००० डॉलरवर, म्हणजे २,१०,००० रुपयांवर, ६५,५२० रुपये कर बसतो. हे ऐकून फार जणांना धक्का बसतो, म्हणून मुद्दाम आकड्यांत मांडलं. मोठी रक्कम जिंकली तर कॅशियरकडून कागद मागून घ्या.

परत येताना डॉलर आणि खरेदीचं काय?

५,००० अमेरिकन डॉलरच्या वर नोटा, किंवा सगळं मिळून १०,००० च्या वर परकी चलन असेल तर भारतात उतरताना कस्टम्सकडे चलन घोषणापत्र भरा. उरलेल्यातले २,००० अमेरिकन डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत विकावे लागतात. नाणी कोणी परत घेत नाही. ती चांगी विमानतळावर चहा-पाण्यात संपवा.

एका दुकानात एका दिवशी किमान १०० डॉलरची खरेदी असेल तर जीएसटीचा परतावा मिळतो. खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवा. विमानतळावर सामान बेल्टवर टाकायच्या आधी परताव्याच्या मशीनवर जा, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. हॉटेल आणि जेवणावर हा परतावा नाही.

न खेळता ती संध्याकाळ तिथे घालवता येते का?

अगदी येते. मरिना बे सँड्ससमोर पाण्याकाठी रात्री ८ आणि ९ वाजता प्रकाश आणि पाण्याचा खेळ होतो. पलीकडे गार्डन्स बाय द बेमधल्या उंच लोखंडी झाडांवर पावणेआठ आणि पावणेनऊला दिव्यांचा. दोन्ही फुकट. पावणेआठचा बागेतला बघून पूल ओलांडून आलं तर नऊचा पाण्याचा आरामात मिळतो.

सोबतचं माणूस थांबतच नसेल तर?

हातउसने देऊ नका, स्वतःच्या कार्डाने पैसे काढून देऊ नका, आणि कॅसिनोच्या आवारात उधार द्यायला पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाशी बोलूही नका. परतीचं तिकीट, पासपोर्ट आणि हॉटेलचे पैसे ताबडतोब आपल्याकडे घ्या. स्वतःहून बंदी घालून घ्यायची सोय सिंगापूरच्या नॅशनल कौन्सिल ऑन प्रॉब्लेम गॅम्बलिंगकडे आहे. घरी आल्यावर सवय सुटत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.